लोकांनी चालवलेल्या मदतकार्याचे मूल्यमापन : वाद आणि वगळणूक कशी तपासावी

गोदाकाठी २००८, २०१६ आणि २०१९ साली मोठे पूर आले, तेव्हा पाण्यात अडकलेल्या घरांपर्यंत आधी पोहोचली ती आसपासची माणसे : मंडळांची मुले, बचत गटांच्या महिला, गल्लीतले दुकानदार. पंचनामे आणि बाहेरच्या संस्थांची मदत त्यामागून आली. हे ओळखून आता अनेक संस्था संकटकाळात वस्तीतल्या गटांच्याच हाती छोटा निधी देतात आणि काय करायचे, कोणासाठी करायचे, हे त्यांनाच ठरवू देतात. काम संपले की त्याचे मूल्यमापन करण्याची जबाबदारी बहुधा एखाद्या तरुण कार्यकर्त्यावर किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्यावर येते, आणि किती किट वाटले, किती कुटुंबांना लाभ झाला, किती रक्कम खर्च झाली, एवढेच विचारणारा तक्ता त्याच्या हाती दिला जातो. हा लेख अशा नवख्या मूल्यमापकांसाठी आहे.

अशी मूल्यमापने मी नाशिक शहरातील नदीकाठच्या वस्त्यांत, निफाड तालुक्यातील गोदाकाठी आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर केली आहेत. वस्तीतला गट वेगाने काम करतो, कारण कोणाच्या घरात म्हातारे माणूस आहे, कोणाची चूल दोन दिवस पेटलेली नाही, हे त्याला विचारावे लागत नाही. पण तो त्याच वस्तीचा असल्यामुळे तिथली भाऊबंदकी, गटतट, जातींमधले अंतर आणि निवडणुकीतले हिशेबही त्याच्याबरोबर मदतकार्यात येतात. त्यामुळे मदतीमुळे वस्तीतले जुने वाद वाढले की निवळले, हे पाहणे, ज्याला संघर्ष-संवेदनशीलता म्हणतात, आणि मदतीतून व निर्णयातून कोण सुटले, हे पाहणे, ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागतात. माझे ठाम मत असे आहे की ती नीट करायची असतील, तर यादीत ज्यांचे नाव नाही त्यांच्यापासून सुरुवात करावी.

१. कार्यकक्षा लेखी घ्या आणि प्रश्न मोजके ठेवा

काम स्वीकारण्यापूर्वी निधी देणाऱ्या संस्थेकडून कार्यकक्षा लेखी मागून घ्यावी. तीत बहुधा प्रस्तुतता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि शाश्वतता हे सहा आंतरराष्ट्रीय निकष जसेच्या तसे उतरवलेले असतात. ते चुकीचे नाहीत, परंतु एखाद्या वस्तीतल्या गटाने दोन महिने चालवलेल्या सामूहिक स्वयंपाकघराला सहाच्या सहा निकष लावले, तर वेळ सगळा कागद भरण्यात जातो. म्हणून संस्थेशी बोलून मूळ प्रश्न दोनच ठरवावेत : या कामामुळे वस्तीतल्या लोकांचे एकमेकांशी असलेले संबंध कसे बदलले, आणि या कामाबाहेर कोण राहिले व का राहिले.

याच टप्प्यावर आणखी तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. अहवाल कोणाला दिला जाईल, तो वस्तीत मराठीत वाचून दाखवता येईल का, आणि भेटीदरम्यान एखाद्या कुटुंबाला धोका आहे असे दिसले तर कोणाला कळवायचे. तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर मिळाल्याखेरीज वस्तीत पाऊल ठेवू नये, असेच मी सुचवेन.

२. कागदपत्रे आणि साधने जमवा

वस्तीत जाण्यापूर्वी पुढील कागद हाती असावेत :

- प्रकल्पाचा मूळ प्रस्ताव आणि निधी मंजुरीचे पत्र
- गटाच्या बैठकांचे इतिवृत्त, अगदी वहीच्या फाटक्या पानावर लिहिलेले असले तरी
- लाभार्थ्यांची पहिली कच्ची यादी आणि अंतिम यादी, अशा दोन्ही याद्या
- वाटप नोंदवही, सह्या आणि अंगठ्यांसह
- खरेदीची बिले आणि दरपत्रके
- तक्रारींची वही. ती नसेल तर ती नसल्याची नोंद
- तलाठ्याने केलेल्या पंचनाम्यांची यादी
- ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंद; शहरात असाल तर प्रभागाची मतदारयादी

सरकारी कागद साध्या अर्जाने मिळाले नाहीत, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करता येतो, मात्र माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची असल्यामुळे तो पहिल्याच आठवड्यात टाकावा. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडे घरोघरच्या नोंदी असतात, पण त्या खासगी असतात. वही मागून सेविकेला अडचणीत टाकू नका. तिच्या वरिष्ठांच्या परवानगीने केवळ घरांची एकूण संख्या विचारावी.

साधनांत खडू, रांगोळी, मोठे कोरे कागद, ओळखपत्र आणि संमतीपत्राचा सोप्या मराठीतला मजकूर पुरेसा आहे. टॅबलेटवर भरायची प्रश्नावली सोयीची असते खरी, पण बोलणाऱ्याकडे न पाहता पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाला कोणी भांडणाची गोष्ट सांगत नाही.

३. भेटीसाठी माणसे आणि वाट विचारपूर्वक निवडा

तुम्ही वस्तीत कोणाच्या गाडीतून उतरता, कोणाच्या घरी चहा घेता आणि कोण तुमच्या बरोबर फिरते, यावरून लोक तुम्ही कोणाचे हे ठरवतात. गटप्रमुख आग्रहाने सोबत येऊ पाहतात. पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर फिरावे, कारण ती शिष्टाचाराची गोष्ट आहे आणि त्यातून ते कोणती गल्ली दाखवतात व कोणती टाळतात, हेही कळते. दुसऱ्या दिवसापासून एकट्याने जाण्याची मुभा आधीच मागून ठेवावी.

चमूत किमान एक स्त्री हवी आणि वस्तीची बोली समजणारी एक व्यक्ती हवी. सुरगाण्यात कोकणा बोली, मालेगावात उर्दू, अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींलगतच्या खोल्यांत हिंदी किंवा भोजपुरी, अशी गरज बदलत जाते. दुभाष्या त्याच वस्तीतला घ्यायचा असेल, तर तो कोणत्या गटाचा मानला जातो, याची आधी चौकशी करावी.

वेळही तितकीच महत्त्वाची आहे. द्राक्षांच्या हंगामात पेठ, सुरगाणा भागातील कित्येक कुटुंबे दिंडोरी आणि निफाडच्या बागांवर कामाला असतात. त्या दिवसांत पाड्यावर जाऊन घेतलेली बैठक ही घरी राहू शकणाऱ्यांची बैठक ठरते.

४. वस्तीतले तोडणारे आणि जोडणारे दुवे शोधा

मदत कधीच तटस्थ राहत नाही, ती एकतर दुरावा वाढवते किंवा सलोख्याला बळ देते, ही मांडणी १९९० च्या दशकात मेरी अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धग्रस्त देशांतील मदतकार्याच्या अभ्यासातून केली. माणसांना तोडणारे घटक कोणते आणि जोडणारे कोणते, याची मांडणी करून मग मदतीने त्यांतील कशाला हात लावला हे पाहायचे, ही त्यांची पद्धत. आपल्याकडे युद्ध नाही म्हणून ती बाजूला ठेवू नये. गोदाकाठच्या गावांत आणि पाड्यांवर तंटे असतातच, आणि संकटात ते टोकदार होतात.

तोडणारे घटक वेगवेगळ्या पातळ्यांवर शोधावे लागतात. गल्लीच्या पातळीवर घरमालक आणि भाडेकरू, दोन भावकी, गावठाणातली घरे आणि गावाबाहेरची वस्ती असे ताण असतात. गावाच्या पातळीवर सरपंचपदाच्या निवडणुकीत पडलेले दोन गट असतात. त्याहून मोठ्या पातळीवर पाण्याचा प्रश्न आहे : पावसाळ्यात गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग वाढला की चांदोरी, सायखेड्यासारख्या गावांत पाणी शिरते आणि शहर वाचवायला आम्हाला बुडवले अशी भावना उमटते, तर टंचाईच्या वर्षी त्याच धरणांचे पाणी जायकवाडीला सोडण्यावरून नाशिक, नगर आणि मराठवाडा यांच्यात वाद पेटतो. प्रकल्पाच्या फलकावर पुराचा दोष एखाद्या गावाला किंवा शहराला लावणारे एखादे वाक्य असेल, तर तेही तुमच्या तपासणीचा भाग आहे.

जोडणारे घटक शोधताना नवखे मूल्यमापक घाई करतात आणि 'गावात एकोपा आहे' असे लिहून मोकळे होतात. एकोपा कशात दिसतो ते नेमके लिहावे. चैत्रात सप्तशृंगगडावर एकत्र पायी जाणारी मंडळी, दूध संकलन केंद्रावर रोज भेटणारे शेतकरी, सर्वांना उधार देणारा किराणा दुकानदार, दोन्ही आळ्यांतल्या मुलांचा क्रिकेटचा संघ, यंत्रमागावर अवलंबून असलेली मालेगावातली वेगवेगळ्या समाजांची कुटुंबे, हे सगळे दुवे आहेत. २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम राबवली गेली, तिची समिती कागदावर तरी बऱ्याच गावांत आहे. संकटाच्या दिवसांत ती भरली होती का, की कोणाला तिची आठवणही झाली नाही, हे अवश्य विचारावे.

ही माहिती प्रश्नावलीतून मिळत नाही. जमिनीवर नकाशा काढायला सांगावा. एका पाड्यावर उन्हाळ्यातील टँकरच्या कामाची पाहणी करताना महिलांच्या गटाला खडू दिला. एका मावशींनी आधी विहीर काढली, मग तिच्याकडे येणाऱ्या दोन पायवाटा काढल्या, एक वरच्या पाड्याची आणि एक खालच्या. टँकर विहिरीत रिकामा होतो तेव्हा कोण कुठे उभे असते असे विचारल्यावर त्यांनी वरच्या वाटेवर हंड्यांची रांग काढली आणि खालच्या वाटेवर, विहिरीपासून बऱ्याच अंतरावर, एक छोटे वर्तुळ काढून त्यात काहीच लिहिले नाही. ते कोण, असे विचारले तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, 'ती कातकऱ्यांची घरं, त्या मागून भरतात.' अहवालात टँकरच्या फेऱ्या आणि लिटर चोख नोंदलेले होते. आपत्तीतील मदतीच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार माणशी रोज किमान १५ लिटर पाणी मिळावे, पाण्याचे ठिकाण घरापासून ५०० मीटरच्या आत असावे आणि रांगेत अर्ध्या तासाहून जास्त थांबावे लागू नये. पाड्याची सरासरी काढली तर तिन्ही गोष्टी जुळत होत्या, आणि त्या वर्तुळातल्या घरांपुरते पाहिले तर तिसरी गोष्ट साफ कोसळत होती.

५. यादी उलटी वाचा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. नमुना ८ किंवा मतदारयादी, तलाठ्याची पंचनामा यादी, गटाची कच्ची यादी आणि अंतिम यादी अशा चार याद्या शेजारी ठेवाव्यात आणि एका यादीत असून दुसरीत नसलेली नावे वेगळी काढावीत. मग पायी फिरून चारही याद्यांत नसलेली घरे शोधावीत. कागदावर कुठेच नसलेली माणसे याच शेवटच्या फेरीत भेटतात.

नाशिक परिसरात बहुधा पुढील माणसे सुटतात. नदीकाठच्या खोल्यांतले भाडेकरू, कारण पंचनामा घराच्या नावाने होतो आणि भिजलेले धान्य मात्र भाडेकरूचे असते. द्राक्षबागेच्या कडेला झोपडीत राहणारी मजूर कुटुंबे, कारण त्यांची शिधापत्रिका दुसऱ्या तालुक्यातली असते आणि शेतमालक त्यांना 'आमची माणसं' म्हणत असला तरी गावची यादी त्यांना गावचे मानत नाही. सासरच्या किंवा माहेरच्या शिधापत्रिकेवर नाव असलेल्या विधवा आणि परित्यक्ता, ज्यांची चूल वेगळी असते पण कागद वेगळा नसतो. पालावर राहणारी भटक्या-विमुक्त जमातींची कुटुंबे. तृतीयपंथी व्यक्ती. कंपन्यांत कंत्राटावर काम करणारे परप्रांतीय मजूर, ज्यांची अवस्था २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गावर साऱ्यांनी पाहिली.

अपंग व्यक्तींबाबत खास काळजी घ्यावी. 'घरात कोणी अपंग आहे का?' असा प्रश्न विचारला की उत्तर बहुधा 'नाही' असे येते, कारण लोक प्रमाणपत्राचा विचार करतात किंवा त्यांना सांगायला संकोच वाटतो. त्याऐवजी पाहणे, ऐकणे, चालणे किंवा पायऱ्या चढणे, लक्षात ठेवणे, स्वतःचे आवरणे आणि इतरांशी बोलणे या सहा बाबींत घरातल्या कोणाला किती अडचण येते, असे एकेक करून विचारावे. ही सहा प्रश्नांची पद्धत जगभर वापरली जाते आणि ती मराठीत सहज विचारता येते. त्यानंतर वाटपाच्या ठिकाणी त्या व्यक्तीला स्वतः जाता आले का, की तिचा वाटा दुसऱ्या कोणी आणला, आणि तो पूर्ण आणला का, हे विचारावे.

नोंदवही वाचताना आकड्यांइतकेच तिच्या रूपाकडे लक्ष द्या. एका नोंदवहीत गल्लीतली घरे ओळीने लिहिलेली होती, अक्षर एकाच माणसाचे आणि शाई निळी. मधली तीन घरे सोडून नावे पुढे गेली होती, आणि तीच तीन नावे अगदी शेवटच्या पानावर काळ्या शाईने, वेगळ्या अक्षरात, दहा दिवसांनंतरची तारीख घालून लिहिलेली होती. चौकशी केली तेव्हा कळले की ती भाड्याची घरे होती. मालकाच्या शिधापत्रिकेवर एक किट दिले म्हणजे झाले, असे गटाने धरले होते. भाडेकरूंनी आरडाओरड केली, दोन दिवस बोलाचाली झाली आणि गटातल्या एका महिलेने हट्टाने त्यांची नावे घालून घेतली. अंतिम अहवालात ही तीन कुटुंबे इतरांसारखीच 'लाभार्थी' होती. त्यांना उशिरा का मिळाले आणि ती चूक कोणी दुरुस्त करून घेतली, या दोन्ही गोष्टी मूल्यमापनात यायला हव्यात, कारण दुसरी गोष्ट त्या गटाचे खरे बळ दाखवते.

वगळलेल्यांपैकी कोणी कायद्याचा आधार विचारला तर तो तुम्हाला माहीत असावा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ नुसार आपद्ग्रस्तांना भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये आपत्तीच्या प्रसंगी अपंग व्यक्तींना समान संरक्षण देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. भाडेकरू किंवा स्थलांतरित मजूर यांचा उल्लेख कलम ६१ मधल्या यादीत नाही, म्हणूनच त्यांच्याकडे मूल्यमापकाने अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

६. वाटपाचे ठिकाण, वेळ आणि पद्धत तपासा

वस्तू काय दिली यापेक्षा ती कुठे आणि कशी दिली, यावरून जास्त मने दुखावतात. वाटप गटप्रमुखाच्या अंगणात झाले असेल, तर त्या घराशी अबोला असलेली कुटुंबे आली का? ते राजकीय पक्षाच्या कार्यालयात, मंदिराच्या सभामंडपात किंवा मशिदीच्या आवारात झाले असेल, तर कोण आत आले, कोण दारात थांबले आणि कोणी मुलाला पाठवले? ज्या शहरात १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, त्या शहरात जागेच्या निवडीला अर्थ नाही असे कोणीच म्हणू नये. संकटात सभामंडप हीच एकमेव कोरडी जागा असू शकते, हे मान्य करावे. मात्र बाहेर राहिलेल्यांसाठी गटाने वेगळी सोय केली का, हे पाहावे. शाळेच्या पडवीसारखी सर्वांना आपली वाटणारी जागा जवळच असताना दुसरी का निवडली, याचेही कारण विचारावे.

वेळेबाबत एकच प्रश्न पुरतो : त्या वेळी कामावर कोण होते? धुणीभांडी करणाऱ्या महिला सकाळी दहाला घरी नसतात. याशिवाय फोटोची सक्ती झाली का, किट हातात देताना कोणाच्या नावाची घोषणा द्यायला लावली का, रांगेत उभे असताना कोणाला जातीवरून किंवा धर्मावरून टोमणे ऐकावे लागले का, हे खासगीत विचारावे. अन्नवाटप असेल तर स्वयंपाक कोणी केला आणि कोणाच्या हातचे खायला कोणी नकार दिला, हा प्रश्न अवघड वाटला तरी टाळू नये.

७. निर्णय कोणी घेतले, याचा माग काढा

लाभ मिळणे आणि निर्णयात भाग असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. समितीत पाच महिला असल्याचे कागदावर दिसते. त्यांतल्या किती जणी बैठकीला होत्या, किती जणी बोलल्या आणि कोणाच्या सूचनेवरून निर्णय बदलला, हे इतिवृत्तातून आणि मुलाखतीतून ताडून पाहावे. मी एक साधा प्रश्न नेहमी विचारायला सांगते : 'तुम्ही नको म्हणालात आणि ते झाले नाही, असे काही आठवते का?' त्याचे उत्तर देता येणारी व्यक्ती निर्णयात खरोखर सहभागी असते. खरेदी कोणाच्या दुकानातून झाली, दुकानदार कोणाचा नातेवाईक आहे आणि पैसे कोणाच्या खात्यातून गेले, हेही याच टप्प्यात पाहावे, कारण गावातली कुरबुर पुष्कळदा बिलांपाशी सुरू होते.

पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि तिथे पेसा कायद्यानुसार, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्यानुसार, ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. तिथे गटाने पाड्याच्या ग्रामसभेत विषय मांडला होता का, हे विचारल्याशिवाय मूल्यमापन पुरे होत नाही.

८. मुलाखती आणि बैठका घ्या

स्त्रिया, पुरुष, तरुण आणि ज्येष्ठ यांच्या बैठका वेगळ्या घ्याव्यात, आणि वगळलेल्या कुटुंबांशी त्यांच्या घरीच बोलावे. सर्वांना एकत्र बसवून 'कोणाची काही तक्रार आहे का?' असे विचारणे हा वाद पेटवण्याचा हमखास मार्ग आहे. तुमच्या एका बैठकीमुळे गावात दोन घरांचे बोलणे बंद झाले, तर अहवाल कितीही चांगला असला तरी ते काम हानिकारकच म्हणावे लागेल.

लोकांना तारखा आठवत नाहीत, सण आठवतात. त्यामुळे नागपंचमी, पोळा, गणपती, नवरात्र अशा खुणा कागदावर लिहून त्यांच्या मध्ये घटना बसवाव्यात : पाणी केव्हा आले, यादी केव्हा झाली, वाटप केव्हा झाले, भांडण केव्हा झाले आणि कोणी मिटवले. या कालरेषेमुळे वाद आधीपासून होता की मदतीनंतर सुरू झाला, हे स्पष्ट होते. कालरेषेशिवाय 'प्रकल्पामुळे तणाव वाढला' किंवा 'सलोखा वाढला' यांपैकी कोणतेही विधान करू नये.

गटाशी बोलताना त्यांचा सन्मान राखावा. या माणसांनी स्वतःच्या घरात चिखल असताना दुसऱ्यांची घरे धुतली आहेत. त्यांना आरोपीसारखे प्रश्न विचारू नयेत. 'यादी करताना सर्वांत कठीण निर्णय कोणता होता?' असे विचारले की वगळण्यामागचे विचार ते आपणहून सांगतात. निधीच दहा कुटुंबांपुरता होता आणि गरजू चाळीस होती, असे कळले, तर वगळणुकीची जबाबदारी निधी देणाऱ्या संस्थेवरही येते आणि अहवालात ती तशीच लिहावी.

मुलाखतीत लैंगिक छळ, मारहाण किंवा मदतीच्या बदल्यात केलेली मागणी पुढे आली, तर तपास करायला बसू नये. त्या व्यक्तीची इच्छा विचारून महिला मदतवाहिनी १८१, मुलांसाठी १०९८ किंवा तातडीसाठी ११२ या क्रमांकांची माहिती द्यावी आणि पहिल्या टप्प्यात ठरवलेल्या व्यक्तीला, नाव न फोडता, त्याच दिवशी कळवावे.

९. माहिती जपून ठेवा

नदीकाठच्या वस्त्यांत याद्यांची भीती असते, आणि ती अनाठायी नाही. पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत कोणती घरे आहेत, हा शहरात बांधकामांशी आणि अतिक्रमणांशी जोडलेला प्रश्न आहे. मदतीसाठी गोळा केलेले घरांचे फोटो, ठिकाणाच्या नोंदी आणि कुटुंबप्रमुखांची नावे उद्या घर हटवण्याच्या कामी येतील, असे लोकांना वाटत असेल, तर गटाने ती माहिती कोणाला दिली आणि कुठे ठेवली, हे तपासणे संघर्ष-संवेदनशीलतेचाच भाग आहे. व्हॉट्सअ‍ॅप समूहावर लाभार्थ्यांची यादी आधार क्रमांकांसह फिरलेली आढळली, तर ती काढून टाकायला त्याच दिवशी सांगावे. तुमच्या स्वतःच्या नोंदींत नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावेत, आणि लहान वस्तीत 'एकमेव तृतीयपंथी भाडेकरू' असे वर्णनही ओळख उघड करते, हे ध्यानात ठेवावे.

१०. निष्कर्ष मांडा आणि वस्तीत वाचून दाखवा

प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयापुढे मी चारपैकी एक शेरा लिहिते : नुकसान झाले, नुकसान होऊ शकत होते याकडे लक्षच गेले नाही, नुकसान ओळखून टाळले, किंवा दुरावा कमी झाला. संपूर्ण प्रकल्पाला एकच गुण देऊ नये, कारण त्याच गटाने यादी सदोष केलेली असते आणि स्वयंपाकघर मात्र सर्वांना एकत्र आणणारे चालवलेले असते. प्रत्येक शेऱ्याला किमान दोन वेगळ्या बाजूंचा पुरावा हवा. नोंदवही आणि मुलाखत, किंवा परस्परांशी न पटणाऱ्या दोन घरांचे म्हणणे.

शिफारशी गट खरोखर करू शकेल अशा असाव्यात. कच्ची यादी दोन दिवस शाळेच्या भिंतीवर लावून हरकती घेणे, भाडेकरूंसाठी शेजाऱ्याची साक्ष ग्राह्य धरणे, समितीत वस्तीच्या प्रत्येक भागातून एक माणूस घेणे, घरपोच वाटपासाठी दोन तरुणांना नेमणे, निधीचा छोटा हिस्सा सुटलेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवणे, असे उपाय पुढच्या पुराआधी अमलात येऊ शकतात. यादी भिंतीवर लावताना मात्र आजार, अपंगत्व किंवा एकटेपणाचे कारण नावापुढे लिहू नये.

मसुदा आधी गटाला खासगीत दाखवावा, त्यांचे उत्तर अहवालात जोडावे आणि त्यानंतरच वस्तीच्या बैठकीत निष्कर्ष वाचावेत. वाचताना कोणाचे नाव किंवा गल्ली घेऊ नये, आणि बैठक संध्याकाळी, कामावरून माणसे परतल्यावर ठेवावी. जे बैठकीला येऊ शकले नाहीत, विशेषतः ज्यांची नावे यादीत नव्हती, त्यांच्या घरी जाऊन तोच मजकूर सांगावा. त्यांनी सांगितलेली दुरुस्ती अंतिम अहवालात घालावी, आणि अहवाल सादर झाल्यावर नावे असलेल्या कच्च्या नोंदी ठरलेल्या मुदतीत नष्ट करून तसे संस्थेला लेखी कळवावे.